जमादाराचं पाणी

मंगरूळपीरच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा मला जी खोली मिळाली, तिची एक भिंत सैफुद्दीन पिंजाऱ्याच्या कापसाच्या खोलीला लागून होती. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा टणटणाट माझ्या कानाशी. पहिले आठ दिवस मी इतका वैतागलो की एकदा जाऊन म्हणालोच, "अहो, जरा दम घेत जा." तर धनुकली न थांबवता तो म्हणाला, "मास्तर, म्या दम घेतला त कापूस बसते." नमाज आणि जेवण सोडलं तर ती कधी थांबत नसे. खुद्द तहसीलदार गादी सांगायला आले, तेव्हाही थांबली नाही. ते बिचारे गादीचं माप ओरडून ओरडून सांगत होते आणि ते सगळ्या गल्लीला पाठ झालं.

सैफुद्दीनभाई तेव्हा पन्नाशीला आला होता. भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळ्यांवर कायम कापसाचं तूस. माणूस स्वभावानं गोड, पण एका बाबतीत ठार वेडा. ती बाब म्हणजे पाणी. ओला कापूस पिंजता येत नाही, त्याचे गोळे होतात, आणि तसाच गादीत गेला तर आत कुजतो, हे प्रत्येक पिंजाऱ्याला ठाऊक असतं. पण म्हणून कुणी एवढं करत नाही. याच्या खोलीत पाण्याचा थेंब न्यायला बंदी होती. रांजण बाहेर, लिंबाच्या झाडाखाली. स्वतः तो तिथं जाऊन पाणी पी, मिशी पुसी, हात झटकी आणि मगच उंबरा ओलांडी. डोक्यावरून न्हालेली बाई गादी सांगायला आली तर केस वाळेपर्यंत तिला ओट्यावर बसवून ठेवी. त्याची बायको मेहरबी मोठी थट्टेखोर होती. ती म्हणायची, "निकाह झाला त्या दिवशी यायनं मले पयलं काय इचारलं, ठाऊक हाय का मास्तर? तू लय रडत त नाई ना."

त्या घरातला तिसरा जीव म्हणजे जमादार. हा बोका. पांढऱ्या झुबकेदार मिशा, जाडजूड मान, आणि गस्त घातल्यासारखी चाल. कापसात सरकीचे दाणे राहतात, त्यासाठी उंदीर येतात आणि रजयांमध्ये घरटी करतात. त्यामुळे बोक्याशिवाय पिंजाऱ्याचं चालत नाही. जमादार आपलं काम चोख करी. त्याच्या खाण्याचाही सैफुद्दीनभाईनं बंदोबस्त केलेला होता. दूध नाही, कारण दूध सांडतं. बाजाराच्या दिवशी सुकट आणायची आणि आठवडाभर तीच मूठमूठ घालायची. पाणी लिंबाखाली एका मातीच्या वाडग्यात. जमादार गटारीचं पाणी तोंडात घेत नसे, दुसऱ्याच्या दारीही जात नसे. एवढा मानी बोका मी पुन्हा पाहिला नाही.

सन छत्तीसच्या हिवाळ्यात मी त्याच्याकडे एक रजई सांगितली. रजई झकास झाली. रात्री पांघरली तर पायाशी एक ओला डाग, आणि वास असा की मी खिडकी उघडून, सकाळपर्यंत धोतर पांघरून कुडकुडत बसलो. दुसऱ्या दिवशी तावातावानं रजई घेऊन गेलो. सैफुद्दीनभाईनं ती हुंगली आणि त्याचा चेहरा पडला.

"जमादारच हाय," तो म्हणाला. "आठ दिवस झाले, कुठं बी बसून राह्यला अन् थेंब टाकून राह्यला. काल ढिगावर बी टाकले."

"माजला असेल," मी म्हणालो.

"मंग काय करू? हाकलला त उंदरं येतीन. ठेवला त हे असं."

आता पुढचं मला लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी मॅट्रिक झालेला, मुलांना गणित शिकवणारा माणूस. मी गादीवर ऐटीत बसून म्हणालो, "सोपं आहे. पाणी कमी करा. आत जाईल तेवढंच बाहेर येईल."

पाण्याचा जन्माचा वैरी तो, त्याला हे एकदम पटलं. मेहरबीभाभी म्हणाली, "मुक्या जनावराची प्यास नका तोडू जी." पण मास्तरांनी सांगितलं म्हटल्यावर तिचं कोण ऐकतं? त्याच संध्याकाळी लिंबाखालचा वाडगा पालथा झाला आणि रांजणावर दगड आला. सकाळी एकदा घोटभर पाणी, बस.

चार दिवसांत डाग बंद झाले. सैफुद्दीनभाई मला रस्त्यात गाठून म्हणाला, "मास्तर, तुमचं डोकं लय तेज हाय." मी खूश. शाळेतसुद्धा मी ही गोष्ट एका शिक्षकाला फुशारकीनं सांगितली.

पाचवा दिवस रविवारचा. सकाळी भिंतीपलीकडून एक आवाज येऊ लागला, लहान मूल कण्हावं तसा. मी गेलो. चुलीची राख टाकायची जागा होती, तिथं जमादार बसला होता. बसायचा, अंग आवळायचा, ओरडायचा, उठायचा, दोन पावलं जाऊन पुन्हा बसायचा. राख कोरडीच्या कोरडी. मध्येच वळून मागच्या पायांमध्ये चाटत सुटायचा.

"काल सांजपासून असंच करून राह्यला," मेहरबीभाभी म्हणाली. "सुकट बी नाई शिवली. पोट अडलं असन म्हणून म्या एरंडेल पाजलं, त तेबी ओकला."

सैफुद्दीनभाईनं त्याला उचलून कापसाच्या खोलीत आणलं आणि मांडीवर घेतलं. पोटाला हात लावला आणि माझ्याकडं पाहिलं. मीही हात लावला. आत बेलाच्या फळासारखं काहीतरी टणक होतं. जमादारानं मला नख मारलं नाही. एरवी मी अंगाला हात लावला असता तर रक्त काढलं असतं त्यानं. तेव्हा मी खरा घाबरलो.

"हवा धरली असन," सैफुद्दीनभाई म्हणाला. "गादीतली हवा काढतो तशी दाबून काढतो." आणि त्यानं तळहात पोटावर ठेवलासुद्धा.

"हात काढ, भाई."

दारात हेमला उभा होता. आसेगावकडच्या तांड्यावरचा हा बंजारा. त्याच्या बापानं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य घालून अर्धा मुलूख पालथा घातलेला. हा आता शेती करी, पण जनावराच्या दुखण्याला सारा तांडा यालाच बोलावी. लेकीचं, रुपाबाईचं लग्न ठरलं होतं, तिची गादी न्यायला तो बैलगाडी घेऊन आला होता. तो आत आला, उकिडवा बसला, दोन बोटांनी जमादाराचं पोट हलकेच चाचपलं आणि शेपटी उचलून पाहिलं.

"पोट नाई अडलं, मूत अडलं हाय," तो म्हणाला. "गोऱ्ह्याचं बी असंच होते. भरली पखाल हाय ही. दाबली त आतल्या आत फुटन अन् मरन."

सैफुद्दीनभाईनं हात असा मागं घेतला की जणू चटका बसला.

"पाणी किती पेते हा?" हेमलानं विचारलं.

मी छताकडे पाहू लागलो. शेवटी मेहरबीभाभीच म्हणाली, "पाणी बंद केलं यायनं. हे अन् हे मास्तर, दोघायनं मिळून."

"अन् खायाले?"

"सुकट."

हेमलानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "सुकं खारट खाऊ घालता अन् वरून पाणी तोडता. ते थेंब टाकत होतं ते माजून नाई, भाई. तवाच ते दुखून राह्यलं होतं. तुमी समजले नाई." एवढं बोलून त्यानं धोतराचा सोगा खोचला. "गरम पाणी आणा. अन् तिळाचं तेल. इथंच करू, बाहेर वारं हाय, आकडून जाईन हा."

इथंच म्हणजे कापसाच्या खोलीत. भोवती रुपाबाईच्या गादीचा पिंजलेला कापूस गुडघाभर पसरलेला. मेहरबीभाभी पाणी तापवून घंगाळ घेऊन आली आणि सवयीनं उंबऱ्याबाहेरच थांबली. तीस वर्षांत तिनं त्या उंबऱ्याच्या आत पाणी आणलं नव्हतं. सैफुद्दीनभाई उठला, घंगाळ तिच्या हातातून घेतलं आणि आत आणून कापसाच्या मधोमध ठेवलं. घाईत अर्धं सांडलं. त्यानं त्याकडे पाहिलंही नाही.

"शेकायले फडकं द्या," हेमला म्हणाला. सैफुद्दीनभाईनं ढिगात हात घातला, सकाळीच पिंजलेल्या शुभ्र कापसाचा भलामोठा पुंजका काढला आणि गरम पाण्यात बुडवला. मी पाहतच राहिलो. त्यानं तो पिळला, जमादाराच्या पोटाखाली धरला, थंड झाला की फेकला आणि दुसरा घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो पुटपुटत होता, "हा मेला त याची प्यास माया मानेवर हाय. या अल्लाह, माया मानेवर हाय." मला वाटलं, त्यातली निम्मी माझ्या मानेवर आहे, पण ते म्हणायची माझी हिंमत झाली नाही. मी मुकाट्यानं जमादाराचं डोकं धरून बसलो.

हेमलाची बोटं नांगर धरून धरून जाडजूड झालेली. पण त्या बोटांनी तेल लावून तो नेमका टोकाशी असा अलगद चोळत होता, की मला माझ्या दौतीतून निब काढतानाही तेवढं हळुवार जमत नाही. पोटाला त्यानं बोट लावलं नाही. चोळायचं, थांबायचं, शेकू द्यायचं, पुन्हा चोळायचं. घंगाळ दोनदा बदललं. जमादार आता ओरडतही नव्हता आणि तेच मला जास्त वाईट वाटत होतं.

मग टोकाशी पांढुरकं, वाळूच्या पिठासारखं काहीतरी दिसलं. हेमलानं ते बोटानं पुसलं. एक थेंब आला, लालसर. मग दुसरा. आणि मग एकाएकी अशी धार सुटली की सैफुद्दीनभाईची लुंगी, माझी शाळेची टोपी आणि रुपाबाईच्या गादीचा कापूस, सगळं एकसाथ भिजलं. थांबेचना. आम्ही तिघं मोठी माणसं एका बोक्याच्या मुताकडे पाहून हसत होतो. मेहरबीभाभी दारात बसून पदर तोंडाला लावून रडत होती, आणि सैफुद्दीनभाई तिला म्हणाला, "रड, रड. आज रडाची मुभा हाय."

हेमलाची गादी अर्थात त्या दिवशी झाली नाही. त्याची त्याला फिकीर नव्हती. जाताना त्यानं बजावलं, "सुकट बंद. मटन उकडून रश्शासकट देजा, मीठ नका घालू. पाणी घडीघडी पाजा. अन् आठ दिवस मुतते का नाई त्यावर नजर ठेवजा. हे दुखणं पलटून येते." आणि तसंच झालं. सहाव्या दिवशी जमादार पुन्हा राखेत जाऊन कण्हू लागला. या वेळी सैफुद्दीनभाई हेमलाची वाट पाहत बसला नाही. स्वतःच शेक दिला, स्वतःच तेल लावून चोळलं, आणि घटकाभरात मोकळं केलं. सगळ्या गल्लीनं त्याला बोक्याचा हकीम म्हणून चिडवलं आणि तो चिडला नाही.

पण जमादार आपणहून पाणी पीत नव्हता. रस्सा पी, चमच्यानं पाजलं तर गिळी, पण वाडग्याकडे बघतही नसे. आम्हीच त्याची सवय मोडली होती. त्याला बाहेरच्या गारठ्यात पाठवायचं नाही म्हणून वाडगा आता कापसाच्या खोलीत आला होता. धनुकलीनं उडालेलं तूस घडीघडी त्यात पडे. ते पाणी बदलायचं काम माझ्याकडे लागलं. सकाळी शाळेआधी, दुपारच्या सुट्टीत, संध्याकाळी. मेहरबीभाभीनं ही शिक्षा ठोठावली होती आणि ती मला कमीच वाटत होती.

असे दहा-बारा दिवस गेले. एका सकाळी मी दाढी करत होतो आणि भिंतीपलीकडची धनुकली थांबली. नमाजाची वेळ नाही, जेवणाची नाही. अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून मी धावत गेलो. दारात मेहरबीभाभी उभी होती. आत सैफुद्दीनभाई धनुकली हवेत धरून पुतळ्यासारखा बसला होता. मला पाहताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

कोपऱ्यात जमादार वाडग्यावर वाकला होता. लपलप आवाज येत होता. मध्येच थांबला, मिशा झटकल्या, पुन्हा वाकला. आम्ही तिघंही होतो तिथंच थांबलो. पोटभर पिऊन झाल्यावर त्यानं आमच्याकडे एकदा पाहिलं आणि गस्तीला निघून गेला. तेव्हा कुठं सैफुद्दीनभाईनं हात खाली घेतला.

"आवाजानं बिचकत होता," तो हळूच म्हणाला. "अन् तूस बी पडत होतं."

त्यानंतर जमादार नऊ वर्षं जगला. त्या नऊ वर्षांत, तहसीलदारासाठी कधी न थांबलेली ती धनुकली दिवसातून पाच-सहा वेळा अवचित थांबायची. गल्लीत नवा आलेला माणूस विचारी, काय झालं? आम्ही सांगायचो, काही नाही, जमादार पाणी पितोय.