बांधावरचा डबा, छावणीतला डबा

पेणच्या खाडीकाठी आमची भातशेती बांधाच्या भरवशावर. उधाणात बांध फुटला की पहिला बघणारा पत्र्याचा डबा बडवतो. तो ऐकून वर्षभर अबोला धरलेला भाऊबंदही घमेलं घेऊन धावतो. कोणी कोणाला विचारत नाही.

मी फौजेत गेलो आणि निळी टोपी घालून आफ्रिकेत पोचलो. शांतता राखायला तीन देशांच्या तुकड्या एका छावणीत, वर साहेब चौथ्याच देशाचा. त्याने हुकूम सोडायचा आणि प्रत्येक तुकडीने आधी आपापल्या राजधानीला विचारायचं. नुसता बारभाई कारभार! चिलखती गाड्या शेजारच्या तुकडीच्या, त्यांत बसून जायचं आम्ही.

आमचा दुभाषा नदीपलीकडच्या गावचा. त्याची बायको तिथेच होती, दिवस भरलेली. एका दुपारी त्या गावातून धूर निघाला, मग गोळ्या, मग किंकाळ्या. साहेबाने निघायला सांगितलं. गाड्यांचे चालक मात्र आपल्या राजधानीच्या परवानगीची वाट बघत बसून राहिले. दुभाषा माझ्या पट्ट्याला धरून हुंदके देत होता. माझं डोकं फिरलं. मी रॉकेलचा रिकामा डबा उचलला आणि जीव खाऊन बडवला.

गाड्यांच्या त्या तुकडीत डबा वाजला की तोफगोळा येतोय, असा अर्थ. चालकांसकट सगळे खंदकात! दुभाषा एकेका खंदकापाशी जाऊन "बाहेर या, बाहेर या" म्हणून हात जोडत फिरला. परवानगी तेवढ्यातच आली होती, हे मला नंतर कळलं.

आम्ही पोचलो तेव्हा घरं जळून खाली बसली होती. विहिरीपाशी प्रेतं पडली होती, कोयत्याने तोडलेली. त्याची बायको दारातच होती, पोट फाडलेली. त्याने अंगातला सदरा काढून तिच्यावर घातला.

"डबा का वाजवलास?" त्याने विचारलं.

मी बांधाचं सांगितलं.

"आणि सगळे येतात?"

"सगळे येतात," मी म्हणालो. मला माझीच शिसारी आली.

पेन्शनीत निघून गावी आलो. गेल्या उधाणाला डबा वाजला. बायको घमेलं घेऊन दारातून ओरडली, "अवो, चला ना! सगली गेली बांधावर!"

मी भाताच्या कणगीमागे पालथा पडलो होतो, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.