दवाखान्यातलं धान

गावच्या भाऊने आम्हा मासोळी धरणाऱ्या ढिवरांना फसवलं. तलावाच्या पाळीवरची आमची जागा दवाखान्यासाठी म्हणून घेतली आणि त्या दवाखान्यात धान भरलं. माझी धाकटी बहीण शकुन त्या दारात मेली. तालुक्याच्या गावचे, मूलचे डॉक्टर म्हणाले, रस्त्यात गेली. मी सांगते, दारात गेली.

कापणीचे दिवस होते. भरदुपारी बांधाजवळ पेंढी उचलताना तिच्या हाताला नाग डसला. मी पाळीच्या पार दुसऱ्या टोकाला मासोळी निवडत बसले होते. बायांची ओरड ऐकून धावले, तोवर लोकांनी तिला बाजेवर घातलं होतं. दवाखाना पावसाळ्याआधीच बंद झाला होता. दारावर पाटी होती : दुरुस्तीसाठी तात्पुरता बंद. नर्सबाईंना दुसऱ्या गावी पाठवलं होतं. औषधांचा फ्रीजही त्यांच्यासोबत गेला होता. त्याच फ्रीजमधल्या इंजेक्शनने आमच्या मोहल्ल्यातले दोघे सापाच्या विषातून उठले होते. मोहल्ल्यात ते सगळ्यांना पाठ होतं.

मूलचा रस्ता धरायला पाळीवर चढलो आणि मला दवाखान्याचं दार उघडं दिसलं.

मी बाज उचलणाऱ्यांच्या पुढे पळत सुटले. शकुनच्या पापण्या मिटत चालल्या होत्या. जीभ जड झाली होती. तरी तिने विचारलं, "बाई, दवाखाना उघडला का वं?"

मोठ्या बहिणीला आमच्यात बाई म्हणतात. मी म्हणाले, "हव, उघडला. आता इंजेक्शन देतेत."

आत धानाचे कट्टे होते, भरलेली पोती. तपासणीच्या टेबलावर कट्टे. बाळंतिणीच्या खाटेवर कट्टे. पार छतापर्यंत. हमाल पिकअपमधून आणखी उतरवत होते. दारात खुर्ची टाकून भाऊ बसला होता. गावातला मोठा शेतकरी, धान खरेदीच्या सोसायटीचा अध्यक्ष. सगळं गाव त्याला भाऊच म्हणतं.

लोकांनी बाज पायरीवर टेकवली. भाऊ उठला.

"इथी नोको टेकवू. तिकडं झाडाखाली ने."

"भाऊ, साप डसला तिले."

"दिसून राह्यलं मले. पण तुमच्या अंगाचा वास लागते धानाले. माल परत आला तं तू भरशील का?"

मी टोपलीभर उधार मासोळीवर धंदा उभा केला. मूलच्या बाजारात व्यापारी माझ्याशी भाव करताना आधी पाणी पितात, असं लोक हसून सांगतात. माझं तोंड तिखट आहे. कोणाचा एक शब्द मी उसना ठेवत नाही. त्या दिवशी मी हात जोडले. म्हणाले, "भाऊ, पिकअप द्या. मूलले नेतो. तुम्ही म्हणाल ते देतो." आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न विचारता सौदा केला.

"देतो ना. मी का नाई म्हणून राह्यलो? खाली तं होऊ दे."

आणि तो हमालांकडे वळला. "हात चालवा रे. बाईले घाई हाये."

एक हमाल हसला. दुसऱ्याने मान खाली घातली आणि कट्टे भराभर फेकू लागला. त्या वेळी तेवढंच माणूसपण मला मिळालं. झाडाखाली शकुनचं डोकं मी मांडीवर घेतलं. मासोळीचे हात होते माझे, तेच तिच्या तोंडावरून फिरवत होते. आई गेली तेव्हा ती रांगत होती. बाजाराला जाताना मी एका टोपलीत मासोळी ठेवायची आणि दुसऱ्या टोपलीत तिला. गिऱ्हाइकं विचारायची, "हिचा का भाव वं?" मी शिव्या द्यायची आणि ती खिदळायची.

गाडी रिकामी झाली. मूलच्या अलीकडे तिचा श्वास थांबला.

आता जागेचं सांगते. तिथे आम्ही जाळी वाळवायचो. त्यासाठी लाकडी बल्ल्या पुरलेल्या असायच्या, पिढ्यानपिढ्या. भाऊ मागायला आला तेव्हा मोहल्ल्याने मला पुढे केलं, कारण सौदा मला जमतो. मी एकच गोष्ट मागितली : दवाखान्याचं दार कधी बंद व्हायचं नाही. तो हव म्हणाला.

आमच्यात तलावाचा सौदा सहीने पक्का होत नाही. वर्षातल्या जाळ्याच्या पहिल्या ओढीत जी मोठी मासोळी येते, ती समोरच्याला द्यायची. त्याने ती आमच्यासमोर पाळीवर बसून खाल्ली की शब्द बांधला गेला. मग तो मोडत नाही. शेजारच्या गावच्या ढिवरांशी तलावाची हद्द आम्ही अशीच ठरवली आहे. ती आजवर कोणी ओलांडलेली नाही. त्या वर्षी पहिल्या ओढीत मरळ आली होती. मी स्वतः भाजली. भाऊने बोटं चाटून खाल्ली. आम्ही त्याच दिवशी बल्ल्या उपटल्या.

शकुनच्या तिसऱ्या दिवशी भाऊ माझ्या अंगणात आला. मागे त्याचा गडी, खांद्यावर तांदळाचा कट्टा.

"देवाची मर्जी, बाई. आता पुढचं पाहा. तू तं भावाची पक्की हायेस. बोल, का म्हणतेस?"

शकुन मेली होती आणि तो माझ्या अंगणात बसून भाव काढत होता.

मी विचारलं, "दवाखान्याची दुरुस्ती कधी झाली?"

"झाली ना पावसाळ्यातच."

"मंग नर्सबाई काऊन नाई आली?"

"सोसायटीचं गोदाम भरलं होतं. रिकामी इमारत पडून होती. चार दिवसाची गोष्ट होती वं."

"तुम्ही मरळ खाल्ली होती, भाऊ."

तो हसला. खरंच हसला. "मासोळीनं सरकार चालते का बाई?"

तेव्हा मला कळलं. आम्ही जो शब्द समजून बल्ल्या उपटल्या, ते त्याच्यासाठी फुकटचं जेवण होतं. तो खाताना आमच्यावर मनात हसत होता. आणि आम्ही हात धुवायला त्याला पाणी दिलं होतं.

मी कट्टा उचलला आणि फाटकाबाहेर ठेवला. म्हणाले, "हे घेऊन जा. तुमच्या धानाले आमचा वास लागंल."

दुसऱ्या सकाळी आम्ही बाया पाळीवर गेलो. दवाखान्याच्या दारासमोर, जिथे होत्या तिथेच, बल्ल्या पुरल्या. जाळी ताणली. ओली, वासाची जाळी. आता आतलं धान बाहेर निघत नाही. ट्रक येतो, उभा राहतो, परत जातो. भाऊने आधी निरोप धाडले, मग धमक्या. तालुक्याहून साहेब आले. म्हणाले, "ताई, दवाखाना तात्पुरता बंद आहे. जरा समजून घ्या." मी म्हणाले, "साहेब, माही बहीण तात्पुरती नाई मेली."

माझी मागणी त्यांना सांगितली, इथेही सांगते. नर्सबाई आणि फ्रीज परत आणा. नंतर भाऊने या पाळीवर, जिथे मरळ खाल्ली तिथे, मोहल्ल्यासमोर उभं राहावं. दुरुस्ती झालेल्या दवाखान्याची किल्ली ज्या साहेबाने त्याच्या हातात दिली, त्यानेही बाजूला उभं राहावं. तोवर एक दाणा हलणार नाही. मला अटक केली तर जाळ्याला दुसरीचे हात लागतील. आमच्यात हात पुष्कळ आहेत.

मरता मरता शकुनने मला दवाखान्याचं विचारलं आणि मी तिला उघडला म्हणून सांगितलं. तिच्याशी मी बोललेला शेवटचा शब्द खोटा ठरला. तो कोणी खोटा केला, त्याने इथे यावं आणि उत्तर द्यावं.