थंडीच्या क्रीमच्या डबीत

पाळी थांबली आणि माझा चेहरा मलाच ओळखू येईना. गाल कोरडे, ओढल्यासारखे. साबण लागला की आग. एका परदेशी कंपनीची महागडी क्रीम लावली, तेव्हा कुठे बरं वाटलं. पण कुडवा गावातल्या आमच्या घरात ती उघड ठेवायची माझी हिंमत नव्हती. साधी लिपस्टिक लावली तरी नवरा विचारायचा, "या वयात कोणाले दाखवून राहिली?" म्हणून नवी क्रीम आली की मी ती थंडीच्या स्वस्त क्रीमच्या जुन्या डबीत भरून ठेवायचे.

धानकापणी आटोपून सासूबाई दवनीवाड्याहून आल्या आणि दोन दिवसांत डबी रिकामी झाली. सगळी क्रीम त्यांनी टाचांच्या भेगांत भरली होती.

एरवी तोंड न उघडणारी मी ओरडले, "आई, विचारून तं घ्याचं होतं! त्या डबीत भारी क्रीम भरून ठेवली होती!"

"थंडीची क्रीम का विचारून लावतेत व? एवढी भारी होती तं लपवली काऊन?"

भेगांतून रक्त येत होतं. ते दिसूनही माझा राग उतरला नाही.

नवरा खोलीतून म्हणाला, "डबीसाठी कायले भांडून राहिल्या?"

तेव्हा कळलं, राग कोणावर होता ते.

"महागडी आहे ते," मी म्हटलं. "माह्या चेहऱ्यासाठी आणतो. तुमच्या भेवानं लपवत होतो. आता नाही लपवणार."

सासूबाईंनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. त्यांची माफी मी अजून मागितलेली नाही.