काटाबाईंचा मिटलेला डोळा

वजनमाप कार्यालयात त्यांना सगळे काटाबाई म्हणत. दुकानात पाऊल टाकताच, तराजूला हात न लावता, काटा किती ग्रॅमनं लबाड आहे ते त्या सांगत आणि सहसा चुकत नसत. व्यापारी त्यांना टरकून असत. साहेबांनाही त्या फार हव्याशा होत्या असं नाही, पण सव्वीस वर्षांत बोट ठेवायला जागा सापडली नव्हती.

पन्नाशी उलटली, पाळी गेली, आणि त्याच सुमारास छातीतली कॅन्सरची गाठ काढावी लागली. ते दुखणं निस्तरलं. मागे राहिल्या त्या वाफा. बसल्या जागी छातीतून आच वर चढायची, मान, कान, कपाळ लालबुंद व्हायचं, पाठीवरून घामाच्या धारा लागायच्या आणि पाच मिनिटांत हुडहुडी भरायची. काटाबाईंनी स्वभावाप्रमाणे नोंदींची वही सुरू केली. कधी आली, किती मिनिटं टिकली, किती जोराची होती. रोजची सरासरी तेरा.

वही घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी ती उघडलीसुद्धा नाही. या वयात हे असंच चालायचं, सुती कपडे घाला, मन रमवा, असं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. गाठीमुळे हार्मोनच्या गोळ्यांची वाट बंदच होती. दुसऱ्या कुठल्या गोळ्यांनी तेराच्या अकरा झाल्या, पण दिवसभर डोळ्यांवर झापड. तराजूचे काटे एकाचे दोन दिसायला लागले तेव्हा त्यांनी त्या बंद केल्या.

घरी नवऱ्याचं निदान होतं की हा सगळा मनात धरलेल्या रागाचा परिणाम. राग कुणावरचा, हे त्यांनी विचारलं नाही. नणंदेनं फोनवर सांगितलं की तिला यातलं काहीच झालं नाही, आणि हे तिनं अशा सुरात सांगितलं, जणू त्यासाठी तिनं रीतसर मेहनत घेतली होती. ऑफिसात काटाबाईंनी खिडकी उघडली की मागच्या टेबलाला शिंका येत. तक्रार साहेबांपर्यंत गेली आणि खिडकीसाठी त्रिसदस्यीय समिती बसली. तिघंही पुरुष, त्यातल्या दोघांना बारमाही सर्दी. दीड महिना विचार करून समितीनं एकमतानं ठरवलं की खिडकी अर्धी उघडावी.

शेवटी गाठ काढली होती त्याच इस्पितळात त्यांना एक भूलतज्ज्ञ बाई भेटल्या. त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग मानेकडे बोट दाखवून सांगितलं की इथे मुळाशी नसांची एक गाठ असते, तिच्यापाशी बधिर करणारं औषध सोडलं की काहींच्या वाफा कमी होतात. हार्मोनचा त्यात संबंध नाही. हे नेमकं का होतं, ते अजून पुरतं उमगलेलं नाही.

"कुणाला फरक पडतो, कुणाला नाही," त्या म्हणाल्या. "अभ्यास झालेत, पण लहान लहान. मी खात्री देणार नाही."

आपल्या मापात किती खोट आहे हे आपणहून सांगणारा माणूस काटाबाईंना नोकरीत एकदाही भेटला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

रजेच्या अर्जावर कारकून अडला. आजारपणाच्या रकान्यात ताप लिहिता येत होता, उष्णता लिहिता येत नव्हती. अखेर त्यानं 'मान' एवढंच लिहिलं आणि सही घेतली.

सुईचं काम दहा मिनिटांत आटोपलं. सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत डॉक्टरबाईंनी औषध सोडलं आणि थोड्या वेळानं काटाबाईंची उजवी पापणी अर्ध्यावर उतरली, आवाज बसला. डॉक्टरबाई खूश झाल्या. औषध बरोबर पोचल्याची ही खूण, संध्याकाळपर्यंत सगळं ताळ्यावर येईल, म्हणाल्या.

चार वाजता घराची बेल वाजली. दारात साखरेचा ठोक व्यापारी. किलोमागे वीस ग्रॅम मारणारा त्याचा काटा बाईंनी दोनच दिवसांपूर्वी सील केला होता. तो गयावया करू लागला. बाईंना मोठ्यानं बोलता येईना, म्हणून त्या जवळ वाकून घोगऱ्या आवाजात पुटपुटल्या, "उद्या ऑफिसात या. नियमाप्रमाणे बघू." आणि उजवी पापणी हळूच खाली आली.

व्यापाऱ्यानं डोळ्याकडे पाहिलं, शेजारी पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि समजायचं ते समजला. दिवस मावळायच्या आत अख्ख्या बाजारात बोभाटा झाला की काटाबाई वळल्या.

दुसऱ्या दिवशी तो भलाथोरला टेबलफॅन घेऊन ऑफिसात हजर. तुम्हाला उष्णतेचा त्रास आहे म्हणे, असं म्हणत त्यानं तो टेबलावर ठेवला. बाईंनी तो उचलायला सांगितला, तेव्हा तो दुखावला.

"बाई, काल तुम्हीच तर डोळा मारलात."

ऑफिसातली सगळी कीबोर्डची टकटक थांबली. साहेबांची सव्वीस वर्षांची उपासना फळाला आली होती. दुपारपर्यंत नोटीस निघाली. व्यापाऱ्यासमोर आपला उजवा डोळा कोणत्या अधिकारात आणि किती काळ मिटला होता, याचा खुलासा करावा. बाईंनी एका ओळीत खुलासा दिला: साडेबारा ते सहा, अर्धा; डॉक्टरांचा दाखला सोबत. दाखल्यापुढे साहेबांचं काही चालेना. पंखा मात्र पुरावा म्हणून जप्त झाला आणि चालू स्थितीत आहे की नाही हे तपासण्यासाठी साहेबांच्या केबिनमध्ये रोज आठ तास फिरू लागला.

वाफा लगेच गेल्या नाहीत. पहिला आठवडा बारा, मग नऊ, सहाव्या आठवड्यात पाच. पाचाच्या खाली गाडी काही उतरली नाही. चार महिन्यांनी सात झाल्या तेव्हा बाईंनी दुसऱ्या सुईची तारीख घेतली. या खेपेला त्या दिवशी नवऱ्याला दाराला बाहेरून कुलूप लावायला सांगून मागच्या खोलीत बसायचं ठरवलं.

त्याच आठवड्यात त्या साखरेच्या दुकानात फेरतपासणीला गेल्या. काटा आता सरळ होता. शेठ गोदामात गेल्याचं बघून गल्ल्यावरची त्यांची बायको उठून जवळ आली. तिचं कपाळ घामानं डबडबलं होतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "ती डोळा मिटायला लावणारी डॉक्टर कुठे बसते?"

बाईंनी पत्ता लिहून दिला. "माझं तेरावरून पाचवर आलं," त्या म्हणाल्या. "तुमचं किती येईल, येईल की नाही, ते मला सांगता यायचं नाही. आधी मोजायला लागा."

तिनं गल्ल्याखालून हिरव्या पुठ्ठ्याची एक चोपडी काढून दाखवली. रोजच्या सोळा.