सक्तीचा नसलेला वर्ग

सांगवीच्या आप्पासाहेबांच्या पोरीच्या, संस्कृतीच्या नाकावर राग असतो, असं सगळं गाव म्हणतं. म्हणायला गावाचं काय जातं? चौथीत असताना शाळेतल्या मुलींच्या संडासाला दार नव्हतं, तेव्हा ही पोरगी मुख्याध्यापकांसमोर जाऊन म्हणाली होती, "दार बसवा, मगच मी शाळंत येनार." आणि खरंच घरी बसली. शेवटी दार बसलं. ते पुढं कितीतरी पोरींच्या कामाला आलं, पण हिच्या वाट्याला काय आलं, तर आगाऊ हे नाव.

आता ती बारामतीच्या कॉलेजातून सिव्हिल इंजिनिअर झाली आहे. खांब किती जाड आणि सळई किती, हे तिथं शिकवलं. घरात माणूस कुठं बसतो, बाई कुठं उभी राहते, याची कुणी चौकशी केली नाही. तिला नेमकं तेच शिकायचं होतं. म्हणून तिनं अहमदाबादच्या एका संस्थेत घरांच्या रचनेच्या पुढच्या शिक्षणासाठी अर्ज केला आणि प्रवेश मिळवला. खरा अभ्यास जुलैत सुरू होणार होता. पण इंजिनिअरिंगकडून येणाऱ्या मुलांसाठी संस्था आधी उन्हाळी वर्ग घेते. हातानं नकाशे काढायचे, पुठ्ठ्याची घरं करायची, लोकांच्या घरांत जाऊन बघायला शिकायचं. वर्ग सक्तीचा नाही, पण केला तर बरं, असं त्यांनी कळवलं होतं. अक्षय्य तृतीयेपर्यंत होकार द्यायचा होता.

घरच्यांनी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं.

"सक्तीचा न्हाय म्हंत्यात ना? मग कशाला जायाचं?" थोरले चुलते बापूसाहेब म्हणाले. त्यांना सगळे तात्या म्हणतात, आणि ते बोलले की घरात पुढं कुणी बोलत नाही. "हितं आपलं घर बांधतुया. याच्यापरीस मोठी शाळा कंची?"

ऐकायला किती गोड! संस्कृतीचा थोरला भाऊ दीपक याचं लग्न ठरत होतं, म्हणून जुन्या घराशेजारी सगळ्या कुटुंबासाठी नवं घर उठत होतं. त्या मोठ्या शाळेत हिनं काय शिकायचं, तर सकाळ-संध्याकाळ भिंतींना पाणी मारायचं आणि गवंड्यांना चहा द्यायचा. नकाशा दीपकनं मोबाइलवरून कुणाचा तरी उचललेला. बघायला मागितला तर म्हणाला, "ते फायनल झालंय, तू नळी धर." घरात इंजिनिअर असून तिच्या हाती काय, तर पाण्याची नळी. या अकलेला काय म्हणावं?

तरी तिनं नकाशा बघितलाच. स्वयंपाकघराला अंगणाच्या बाजूला खिडकीच नव्हती. जुन्या घरातही नाही. तिची आई मुक्ताबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या बंद खोलीत उभ्या आहेत. बाहेर पाहुणे येतात, "चहा टाका" अशी हाक येते, आणि किती माणसं आलीत ते मुक्ताबाई आवाजांवरून ओळखतात. कुणी न बोलणारा असला की एक कप कमी पडतो आणि वर बोलणी त्यांनाच बसतात.

संस्कृतीनं आप्पासाहेबांना गाठलं. ते मवाळ माणूस. म्हणाले, "खिडकी ठिवतो. पर घर हुईस्तवर तू हितंच ऱ्हा. पोरगी घरात असली की मला बरं वाटतं." तिनं रात्रभर मनात घोळवलं. वर्ग चुकला तर पाच वर्षं नकाशे काढून आलेल्या पोरांमध्ये जुलैत ती कोरी पाटी घेऊन बसणार होती. पण अभ्यास मागून रेटता येईल, आईची खिडकी पुन्हा यायची नाही. तिनं नकार लिहून ठेवला आणि पाठवायचा तेवढा बाकी ठेवला.

अक्षय्य तृतीयेला मुख्य दाराची चौकट बसवायची होती. आदल्या दिवशी तात्यांनी संस्कृतीलाच इंदापूरला धाडलं, रावजी सुताराकडून सागवानी चौकट आणायला. तिला वाटलं, चला, काहीतरी कामाचं सांगितलं. टेम्पोत चौकटीशेजारी बसून ती जंक्शन गावच्या रस्त्यानं घरी आली, आणि बघते तर अंगणाकडं खिडकीसाठी सोडलेली जागा विटांनी बुजवलेली. सिमेंट अजून ओलं होतं.

"मला दीपकनी सांगितलं," गोकुळ मिस्त्री खाली मान घालून म्हणाला. "वल्लं हाय तवर काढता यील. उंद्या चौकट पुजली की मग वास्तुशांतीपतुर भिंत मोडायची न्हाय. तुमच्याकडचीच रीत हाय."

म्हणूनच तिला इंदापूरला पिटाळलं होतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तितं झोपाळा टांगायचाय," दीपक म्हणाला. "पाव्हण्याच्या मानंमागं कुकरच्या शिट्ट्या नको."

"आन् बायांनी खिडकीत हुबं ऱ्हाऊन गड्यांची बोलनी ऐकायची व्हय?" तात्या म्हणाले.

"आप्पा, तुमी शब्द दिलता," संस्कृती म्हणाली.

"जाऊ दे गं. एका खिडकीनं काय हुतंय?" आप्पासाहेब तिच्याकडं न बघता म्हणाले.

काय होतं? पोरीचा उन्हाळा घेतला आणि मोबदल्यात दिलेली खिडकीही परत घेतली, एवढं होतं. मुक्ताबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्या तशाच आत वळल्या, आणि संस्कृतीला त्यांचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी भावकी जमली. आंब्याची डहाळी बांधलेली चौकट दारात उभी केली. रीत अशी की घरच्या सवाष्णीनं पहिली हळद लावायची, त्याआधी गवंड्यानं चौकटीला थापी लावायची नाही. भटजींनी खूण केली. मुक्ताबाई ताट घेऊन पुढं आल्या आणि चौकटीसमोर तशाच उभ्या राहिल्या. थोरल्या दिरासमोर त्या कधी तोंड उघडत नाहीत. आताही त्या गोकुळकडं बघून बोलल्या.

"गोकुळभाऊ, आदी खिडकीतल्या इटा काडा."

दीपक म्हणाला, "आई, मुहूर्त चाललाय."

"अखितीचा समदा दीस मुहूर्त असतोय. मला घाई न्हाय."

तात्या चिडले. त्यांनी आपल्या बायकोला, जयवंताकाकींना सांगितलं, "तू लाव गं हळद." काकी पुढं आल्या, पदर सावरला आणि जावेच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. "मला बी त्याच सैपाकघरात जल्म काढायचाय," त्या म्हणाल्या.

भावकीसमोर तमाशा नको म्हणून का होईना, आप्पासाहेबांनी मान हलवली. गोकुळनं पहार घेतली. काल रचलेल्या विटा लगेच सुटल्या आणि आत उजेड पडला. मग मुक्ताबाईंनी चौकटीला हळद लावली.

हळदीच्या हातांनीच त्या संस्कृतीकडं आल्या. "त्या शाळंला कळवलंस का?"

"न्हाय अजून."

"मंग येते म्हून कळव. खिडकी मी बगते."

"आई, तो वर्ग सक्तीचा न्हाय."

"सक्तीचं समदं मी करून बसलेय," मुक्ताबाई म्हणाल्या. "तू बिनसक्तीचं कर."

संस्कृतीनं विटांच्या ढिगावर बसून होकार पाठवला. तेवढ्यात अंगणातून तात्यांची हाक आली, चहा टाका. मुक्ताबाईंनी आवाज मोजले नाहीत. नव्या खिडकीच्या जागेतून वाकून बाहेर किती माणसं आहेत ते नीट बघून घेतलं, आणि मग आधण ठेवायला जुन्या घरात गेल्या.