नलूमावशींचा कोरा चौकोन

नलूमावशी नेहमी कोऱ्या चौकोनावरच हात ठेवायच्या. पाणी, चहा, औषध, होय, भजन असे अकरा चौकोन मी त्यांच्यासाठी चित्रांसकट तयार केले होते. पण त्यांचा डावा हात त्या अकरांना वळसा घालून खालच्या कोपऱ्यात जायचा. तिथे काहीच भरलेलं नव्हतं. मशीन गप्प राहायचं आणि मावशी माझ्याकडे अशा बघायच्या, जणू वाचा माझीच गेली आहे.

विरारच्या मनवेलपाड्यात तेव्हा माझा कॉम्प्युटर क्लास होता आणि वरच्या मजल्यावर मोहनदादा राहायचे. मावशी त्यांच्या आई. वटार गावी केळी-मोगऱ्याची वाडी एकट्या सांभाळायच्या. पक्षाघाताने उजवा हात आणि बोलणं गेलं, तेव्हापासून मोहनदादांची बायको, मालतीवहिनी, तिथेच राहायला गेल्या होत्या. मोहनदादांनी ओळखीतून एक टचपॅड मिळवला. पाटीएवढा, सपाट. त्यावर आपण आखलेला कागद सरकवायचा आणि कुठल्या चौकोनाला हात लागला की काय बोलायचं, ते कॉम्प्युटरला शिकवायचं. शब्द वहिनींच्या आवाजात भरले. मावशींचा आवाज मी कधी ऐकलाच नाही.

यादी मोहनदादांची. त्यात ‘नको’ नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "आईवर नको म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही, सर." मला ते फार आवडलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

बाकीचे चौकोनच नीट चालत नसतील असं धरून तीन रविवार वटारला जाऊन मी मशीन दुरुस्त करत बसलो. वायर बदलली, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. शेजारची बाई दारातून म्हणाली, "तिचं डोकं नाय रं ठिकानावर." मलाही तसंच वाटू लागलं. मोहनदादांनी मात्र ठरवलं होतं, आईला विरारच्या फ्लॅटवर न्यायचं. "आई, येतेस ना?" मावशींनी कोरा चौकोन दाबला. दादांनी ते होय धरलं आणि ट्रंक काढली.

तेव्हा वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तिथं ‘नको’ भरून बघा ना." माइकसमोर त्या इतक्या दबकत बोलल्या की तो शब्द तीनदा भरावा लागला.

झालं, मावशी सुटल्याच. चहा? नको. केळं? नको. आणि कप ओठाला लावला की घोट घोट संपवायच्या! विरारला जायचं? नको. आमची मती गुंग झाली.

"चहाला नको म्हणते आणि पिते," मोहनदादा वैतागले. "मग तिचं नको धरायचं कसं? सर, मशीन बरोबर आहे ना?"

"मशीन बरोबर आहे. मावशींच्या मनातलं मी कसं सांगू?" असं म्हणून मी अंग काढून घेतलं.

वहिनींना हसू आलं. "अहो, आई पहिल्यापासून अशाच. पाहुणा पहिल्या हाकेला ताटावर बसला की मागाहून म्हणायच्या, ‘एका हाकंत बसतं ते मांजर, मानूस नाय.’ पहिलं नको रीतीचं असतं. आग्रह करून बघा."

मोहनदादांनी पुन्हा विचारलं. नको. मग ते खाली बसले, आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आई, चल ना गं माझ्याबरोबर."

मावशींनी मूठ त्या चौकोनावर टेकवली आणि उचललीच नाही. वहिनींचा दबका आवाज घरभर सुरू झाला, "नको, नको, नको, नको." मावशींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मोहनदादा उठले आणि ट्रंकेतली लुगडी एकेक करून कपाटात परत ठेवू लागले. मला मावशींचा त्या दिवशी विलक्षण अभिमान वाटला.

त्या पुढे दीड वर्ष जगल्या, वटारलाच. दर शनिवारी मोहनदादा जाऊन राहायचे. एका बुधवारी दुपारी मावशी गेल्या. दादा विरारहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेराव्याला जेवणं आटोपल्यावर ते माझ्याजवळ येऊन बसले.  म्हणाले, "सर, त्या दिवशी नको दाबताना ती रडत होती. मी आणखी एकदा विचारायला हवं होतं का हो?"