सरकवलेली रेघ आणि ट्रॅकवरचं पहिलं वळण

स्वतःची गाडी रेसिंग ट्रॅकवर पळवायची, हे दोन वर्षं मनात होतं आणि दोन वर्षं मी घाबरून टाळत होतो. शेवटी नाव नोंदवलं, तर बाबा म्हणाले, "मीही येतो. घरी बसून काळजी करण्यापेक्षा तिथे करीन." बाबा कारखान्याच्या तपासणी विभागातून निवृत्त झालेत. जन्मभर मोजमापं पाहिलेला माणूस.

कर्वेनगरहून पहाटे साडेपाचला निघालो. लवकर निघा, उशीर झाला की हायवेवर कंटेनरच्या मागे रांगावं लागतं. वाटेत मिसळ खाल्ली. गाडीतून उतरताना चोरी नको म्हणून समोर दिसणारी वस्तू कप्प्यात टाकायची, ही आमच्या घरची जुनी सवय.

ट्रॅकच्या फीमध्ये हेल्मेट मिळतं. पिण्याचं पाणी आणि टायरची हवा मोजायचं गेज मात्र आपलं न्या. पहिल्या फेऱ्या मी एकट्याने मारल्या. तळहात इतके घामेजले होते की स्टिअरिंग निसटत होतं.

मग झाडाखाली बसून, गाडी कुठून कशी गेली ते टिपणाऱ्या जीपीएसच्या डबीचा डेटा लॅपटॉपवर उघडला. नकाशावर गाडीच्या वाटेची रेघ ट्रॅक सोडून शेजारच्या गवतातून धावत होती. ॲपमध्ये रेघ सरकवायची सोय असते. मी ती ओढून रस्त्यावर बसवली.

"रेघ सरकवलीस, की रस्ता सरकला?" बाबांनी विचारलं.

मी हसण्यावारी नेलं. सरकवलेल्या रेघेनुसार पहिल्या वळणाला मी फार आधी ब्रेक मारत होतो, अजून बराच रस्ता शिल्लक होता. पुढच्या फेरीला बाबा हेल्मेट घालून शेजारी बसले.

मी ब्रेक उशिरा मारला. रस्ता शिल्लक नव्हताच. गाडी खडीत घुसली, समोर रचलेले टायर मोठे होत गेले, आणि माझ्या मनात एकच गोष्ट होती: बाबा डाव्या बाजूला आहेत. टायरांपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मी इंजिन बंद केलं.

बाबांच्या चष्म्यावरची धूळ पुसायला फडकं हवं होतं, म्हणून डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत जीपीएसची डबी मिणमिणत होती. तिला वर मोकळं आकाश लागतं. कप्प्यात तिला सिग्नल धड मिळत नव्हता, त्यामुळे नोंद गाडीच्या मागे पडत होती आणि ब्रेक मारल्याची जागा होती त्याच्या आधीच दिसत होती.

"मीच ठेवली. मिसळ खायला उतरताना," बाबा म्हणाले. परतीच्या वाटेवर हेच त्यांनी तीनदा म्हटलं, वय झालं म्हणाले. मी ऐकून घेतलं. खरं बोलायची मला त्या वळणापेक्षा जास्त भीती वाटत होती.

घरी पोचल्यावर, बूट काढताना, एकदाचं बोललो. "बाबा, डबी तुम्ही ठेवलीत, पण चूक दिसत असताना रेघ मी सरकवली."

"माहीत आहे. समोरच बसलो होतो."

"मग गाडीत का बसलात?"

"तू ऐकणार नव्हतास," ते म्हणाले. "एकट्याला कसा जाऊ देणार?"

जाणार असाल तर जरूर जा. डबी काचेपाशी, उघड्यावर लावा. रेघ चुकीची दिसली तर तिला हात लावू नका, आधी डबी कुठे आहे ते बघा. मी परत जाईन की नाही, ठाऊक नाही. गेलो तर बाबा पुन्हा शेजारी बसतील, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.